‘ध’चा ‘मा’ आणि आमची सुरत

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला विचारलं की आपल्या इतिहासाचा आणि या शहराचा संबंध काय, तर उत्तर ठरलेलं असतं. शिवाजी महाराजांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली सुरत लुटली. यापुढे कुणी जात नाही. पण या शहराचा आपल्या इतिहासाशी आणखी एक धागा जुळलेला आहे, आणि माझ्या मते तो लुटीपेक्षा जास्त दूरवर जातो. ६ मार्च १७७५ रोजी सुरतेत एक तह झाला. एका बाजूला मुंबईकर इंग्रज आणि दुसऱ्या बाजूला पेशवे घराण्यातले रघुनाथराव, म्हणजे आपले राघोबादादा. ज्यांनी १७५८ साली उत्तरेत अटकेपर्यंत मराठ्यांचा दरारा नेला, तेच राघोबादादा सतरा वर्षांनी आमच्या या गावात इंग्रजांकडे फौज मागत उभे होते.

ते इथवर का आले? त्याचं उत्तर पुण्याच्या शनिवारवाड्यात आहे. नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याचा संशय राघोबांवर आला, आणि त्यातून पळता पळता ते सुरतेला पोचले. म्हणून नारायणरावांचा खून ही सुरतेच्या इतिहासातलीही गोष्ट आहे, असं मी आमच्या मैत्रिणींना नेहमी सांगते.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तरी तारखा एकदा नीट लावून घेऊ. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या. धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. वय सतरा. काका राघोबांना पेशवेपद हवं होतं, त्यासाठी त्यांनी माधवरावांशीही लढाया केल्या होत्या आणि १७६८ साली धोडपला हार खाऊन वाड्यातच कैद भोगली होती. माधवरावांनी शेवटच्या दिवसांत समेट केला, पण तो टिकला नाही. नारायणराव स्वभावाने तापट, अनुभव कमी, कानाला लागणारे बरेच. त्यांनी काकांना पुन्हा नजरकैदेत टाकलं. बाहेर राघोबांचे हितचिंतक आणि नारायणरावांवर रुष्ट झालेले कारकून-कारभारी एकत्र येऊ लागले. वाड्यावर पहारा होता गारद्यांचा, म्हणजे पगारी शिपायांचा, आणि त्यांचा पगार थकलेला होता.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. लोकांच्या तोंडी अनंत चतुर्दशी आहे, कारण गणपती बोळवण्याचा दिवस कथेला शोभतो, पण तिथी आदल्या दिवसाची. त्या सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आले. रघुजी आंग्र्यांनी त्यांना सावध केलं होतं. नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त पाहायला सांगितलं, आणि हरिपंत आधी जेवायला गेले. बायकांनो, आपण रोज म्हणतो ना, ‘जेवून घ्या, मग बघू’. इतिहासात त्या एका जेवणाची किंमत फार मोठी पडली. दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ हे गारद्यांचे म्होरके पगाराच्या नावाने आरडाओरडा करत आत घुसले. राघोबांचा नोकर तुळ्या पवार त्यांच्यात होता. नारायणराव पळत काकांच्या दालनात शिरले आणि काकांना मिठी मारून बसले. तिथून त्यांना ओढून काढलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक मालकाच्या अंगावर पडला, तोही मारला गेला. अर्ध्या तासात सगळं संपलं. नारायणरावांना अठरा वर्षं पूर्ण होऊन जेमतेम वीस दिवस झाले होते.

मग काय झालं? राघोबा पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुणे हे न्यायाधीश. त्यांनी चौकशी केली, सुमारे पन्नास माणसं या कटात गुंतल्याचं त्यांच्यासमोर आलं, आणि मुख्य दोष त्यांनी राघोबांवर ठेवला. याला देहान्त प्रायश्चित्त, असं गादीवर बसलेल्या माणसाला तोंडावर सांगून रामशास्त्री पुणं सोडून गेले. इकडे नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं, गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्यांच्या सोबत होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. चाळीस दिवसांचं बाळ पेशवा ठरलं आणि राघोबांचं पेशवेपद गेलं. मूल खरं गंगाबाईंचं नव्हेच, अशी कुजबुज राघोबांच्या बाजूने पसरवली गेली, ती वेगळीच.

राघोबा फौजेनिशी उत्तरेकडे सरकले. आनंदीबाईंना त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेवलं, कारण त्याही गरोदर होत्या. जानेवारी १७७५ मध्ये धारला त्यांना मुलगा झाला, पुढचा दुसरा बाजीराव. राघोबा गुजरातेत उतरले, मही नदीच्या काठी हरिपंतांकडून मार खाल्ला, खंबायतला निघाले, आणि तिथून समुद्रमार्गे फेब्रुवारीच्या शेवटी सुरतेला आले. सुरतेचा किल्ला १७५९ पासून इंग्रजांकडे होता, तेव्हा इथे त्यांना आसरा मिळाला. तहात ठरलं की इंग्रज अडीच हजारांची फौज देतील, तिचा दरमहा दीड लाखाचा खर्च राघोबा देतील, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवतील, आणि साष्टी व वसई इंग्रजांना देतील. शिवाय सुरत-भडोचच्या वसुलातला वाटा. साष्टी तर इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरातच ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावली होती, तहाने त्यावर शिक्का बसला.

या तहातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध सुरू झालं. कलकत्त्याच्या इंग्रजांना हा तह मान्य नव्हता, त्यांनी १७७६ साली पुरंदरला वेगळा तह केला. राघोबा पुन्हा सुरतेच्या आश्रयाला. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज हरले, तर त्याच वर्षी जनरल गोडार्ड बंगालहून जमिनीवरून चालत फौज घेऊन सुरतेला आला. शेवटी १७८२ च्या सालबाईच्या तहाने राघोबांचं प्रकरण मिटलं आणि ते कोपरगावी राहिले, तिथेच ११ डिसेंबर १७८३ ला वारले. इंग्रजांना मात्र एक धडा मिळाला. मराठ्यांच्या घरातलं भांडण हाच आत शिरायचा दरवाजा आहे, हे त्यांना सुरतेत कळलं. पुढे त्याच राघोबांच्या मुलाने, दुसऱ्या बाजीरावाने, १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला तसाच तह केला, आणि सोळा वर्षांत पेशवाई गेली.

इतकी मोठी ही घटना. पण आपल्या मराठी घरात तिच्यातलं काय उरलं? दोन वाक्प्रचार. ‘काका मला वाचवा’ आणि ‘ध चा मा करणं’. पहिला आपण थट्टेत म्हणतो. दुसरा एका बाईच्या नावाला चिकटलेला आहे. राघोबांनी गारद्यांना चिठ्ठी दिली, तीत ‘नारायणरावांस धरावे’ असं होतं, आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केलं, ही ती गोष्ट. घरात भांडणं लावणाऱ्या सुनेला आनंदीबाई म्हणायची पद्धत मी माहेरी सोलापूरकडे ऐकली आणि सासरी सुरतेत आलेल्या मराठी कुटुंबांतही ऐकली. नाव मात्र आनंदी!

हा विषय आमच्या वाचनाच्या बैठकीत निघाला त्याला कारण होतं. इथे उधना, लिंबायत, डिंडोलीकडे खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी आहे, आणि आम्ही शहराच्या वेगवेगळ्या भागांतल्या काही जणी-काही जण महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो. आमच्यात दोघं असे आहेत की ज्यांना इतिहासाचं वेड आहे. पदवी इतिहासाची नाही, नोकरी इतिहासाची नव्हती. एक अप्पा, बँकेतून निवृत्त झालेले. बखरी, नाटकं, जुनी चरित्रं यांचा त्यांच्याकडे ढीग आहे. दुसऱ्या आमच्या बाई, शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्तीनंतर मोडी शिकल्या आणि आता जुनी खरेदीखतं वाचून देतात. अप्पांचं म्हणणं आनंदीबाई दोषी. बाईंचं म्हणणं त्या निर्दोष. दोन वर्षं हे दोघं फोनवरून एकमेकांना मुद्दे कळवत होते. शेवटी आम्हीच म्हटलं, एकदा समोरासमोर बसा, आम्ही ऐकतो.

चातुर्मास होता, आमच्या घरी सूर्यास्तानंतर खाणं नाही, म्हणून दुपारी तीनला सगळे जमले. पोहे, खाखरे, चहा झाला आणि अप्पांनी वही उघडली.

अप्पांचा पहिला मुद्दा ग्रँट डफचा. जेम्स ग्रँट डफ १८१८ नंतर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता. त्याला जुनी कागदपत्रं पाहायला मिळाली, जुन्या घराण्यांतली माणसं भेटली. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ झाल्याची हकिकत त्यात आहे. “म्हणजे ही नाटककारांनी रचलेली गोष्ट नाही, बाई,” अप्पा म्हणाले. “ज्यांच्या आईबापांनी तो काळ पाहिला, त्यांच्या तोंडून ती आली.” दुसरा मुद्दा हेतूचा. नवरा वर्षानुवर्षं कोंडलेला. सासरी गोपिकाबाईंशी जुना दावा. बाई हुशार, लिहिती-वाचती, राजकारण समजणारी. “हेतू आहे, अक्कल आहे, लेखणी आहे. आणखी काय हवं?”

बाईंनी चष्मा पुसला. “अप्पा, तुम्ही म्हणता ते तिन्ही माझ्याकडेही आहे. म्हणून मी खून केला का?” सगळे हसले. मग त्या एकेक मुद्द्यावर आल्या. १७७३ आणि १८२६ यांच्यात त्रेपन्न वर्षं गेली. डफचा जन्मच खुनानंतर सोळा वर्षांनी झाला. त्याने लिहिलं म्हणजे १८२० च्या आसपास लोक असं बोलत होते, एवढं सिद्ध होतं. ती चिठ्ठी आज कुणाच्या हाती नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की, रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबांवर. प्रायश्चित्त सांगितलं ते राघोबांना. “ज्या न्यायाधीशाने पेशव्याची भीड ठेवली नाही, तो पेशव्याच्या बायकोची ठेवील का?”

मग मोडीचा विषय आला, आणि इथे मला मौज वाटली. दोघांनी एकच गोष्ट पुरावा म्हणून मांडली. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि खाली सलग लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अप्पा म्हणाले, अक्षरं अशी एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणूनच बदल खपून जातो. बाई म्हणाल्या, जागाच नसते, म्हणूनच बदल खपत नाही. ‘ध’ मोडून ‘म’ करायचा, शिवाय त्याला काना द्यायचा, तो कुठे बसवणार? त्यांनी कागदावर लिहूनही दाखवलं. अप्पांनी तो कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, “तुमचं अक्षर फार सुवाच्य आहे, बाई. घाईत लिहिणाऱ्या कारकुनाचं घ्या.” यावर निकाल लागला नाही.

पण बाईंनी जो पुढचा प्रश्न विचारला तो मला अजून महत्त्वाचा वाटतो. चिठ्ठीत ‘धरावे’च होतं असं धरून चालू. चिठ्ठी बदललीच नाही असं समजू. तर नारायणराव वाचले असते का? पोरगं काकांच्या अंगाला चिकटलेलं, काका तिथे स्वतः हजर, समोर उगारलेल्या तलवारी. डफनेच सांगितलेल्या हकिकतीत राघोबा गारद्यांना ‘सोडा’ म्हणतात आणि गारदी ऐकत नाहीत, कारण आता मागे फिरलं तर आपलीच मान जाईल हे त्यांना कळलेलं असतं. पगार थकलेल्या हत्यारबंद माणसांना वाड्यात घुसवून पेशव्याला ‘फक्त धरा’ म्हणणं, यातच मरण आलं होतं. ज्याने ‘धरावे’ लिहिलं त्याने हे ओळखायला हवं होतं. मग एका अक्षराची गोष्ट कुणाच्या सोयीची? बाई म्हणाल्या, “नवऱ्याच्या. आनंदीबाईंनी ‘मा’ केला म्हटलं की राघोबांकडे ‘ध’ उरतो. भरारी मारणारा शूर पुरुष, बायकोने बिघडवला.”

अप्पा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हे मला मान्य आहे की गोष्टीने राघोबांना हलकं केलं. पण त्याने बाई सुटत नाही. तिला ठाऊक नव्हतं असं तुम्ही कशावरून म्हणता?” आणि बाईंनीही मान्य केलं, की ठाऊक नव्हतं असं म्हणायला त्यांच्याकडे कागद नाही. पुराव्याने दोष सिद्ध होत नाही, इतकंच म्हणता येतं.

हा समंजसपणा हौशी अभ्यासकांत दिसतो तेव्हा मला आपल्या जुन्या मंडळींची आठवण होते. आपला इतिहास ज्यांनी शोधला त्यांतले कितीतरी जण पोटासाठी दुसरंच काही करत होते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेला शाळेत संस्कृत शिकवत आणि पटवर्धनांचं दप्तर वाचून छापत. राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करत. १८९८ पासून त्यांचे साधनखंड निघू लागले. रियासतकार सरदेसाई तर आपल्या गुजरातेतच, बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पदरी होते, राजपुत्रांना शिकवता शिकवता त्यांनी मराठी रियासत लिहायला घेतली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, तेही अशाच माणसांच्या जिवावर. एकमेकांचे मुद्दे खोडून काढायचे, पण कागद एकमेकांना दाखवायचे, हा त्या परंपरेतला चांगला भाग.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही. इंग्लंडात १४८३ साली असंच झालं. राजा वारला, बारा वर्षांचा मुलगा राजा झाला, काका रिचर्ड पालक म्हणून आला. बारा आणि नऊ वर्षांचे दोन्ही पुतणे लंडनच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. काका तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला, दोन वर्षांत लढाईत पडला. त्याने पुतण्यांना मारलं की नाही यावर तिथे १९२४ पासून हौशी लोकांची एक संस्था वाद घालते आहे. तिचं म्हणणं रिचर्डवर अन्याय झाला. त्याच गोटातल्या फिलिपा लँग्ली या पटकथा लिहिणाऱ्या बाईने पाठपुरावा केला म्हणून २०१२ साली लेस्टरच्या एका मोटारतळाखाली खणलं, आणि रिचर्डची हाडं सापडली. पाचशे वर्षं हरवलेला राजा सापडला, पण पुतण्यांना कुणी मारलं हे हाडांनी सांगितलं नाही. वाद चालूच आहे. चिठ्ठीचंही असंच उदाहरण तिकडे आहे. स्कॉटलंडची राणी मेरी, तिचा नवरा डार्नली १५६७ मध्ये मारला गेला, आणि राणीचा त्यात हात होता म्हणून एका पेटीतली पत्रं पुढे केली गेली. मूळ पत्रं १५८४ नंतर कुठे गेली ते कळलं नाही. पत्र नाहीसं झालं तरी बाईवरचा आरोप राहिला, अगदी आनंदीबाईंसारखा.

आनंदीबाईंवरचा आरोप पक्का कसा झाला, तेही पाहण्यासारखं आहे. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ साली आलं आणि राघोबा, आनंदीबाई, रामशास्त्री ही माणसं रंगभूमीवर उभी राहिली. १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला, त्यात ललिता पवार आनंदीबाई झाल्या. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात आनंदीबाईंचा चेहरा कायमचा ठरून गेला. नाटक-सिनेमाला खलनायिका लागते, त्याला माझी तक्रार नाही. पण आपल्याला जे आठवतं ते बरंचसं रंगमंचावरचं आहे, एवढं ध्यानात असू द्यावं.

बैठक संपत आली तेव्हा बाईंनी सहज विचारलं, “अप्पा, त्या दिवशी वाड्यात किती माणसं मेली?” अप्पांनी लगेच सांगितलं, सरदेसायांनी अकराचा आकडा दिला आहे. नारायणराव धरून सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक, दोन दासी. “दासींची नावं?” अप्पांनी वही चाळली. गारद्यांची नावं होती. तुळ्या पवारचं होतं. चापाजी टिळेकरांचं होतं, त्यांनी मालकासाठी जीव दिला म्हणून ते सगळ्यांना पाठ. दासींची नावं वहीत नव्हती, आणि आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती. दोन बायका, वाड्यात झाडलोट करत असतील, पाणी भरत असतील, गणपतीच्या दिवसांत स्वयंपाकघरात राबत असतील. तलवारी आत आल्या तेव्हा त्या मध्ये सापडल्या, की वाचवायला धावल्या? एका अक्षरासाठी आपण अडीचशे वर्षं भांडलो आणि या दोघींबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. त्यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं.

यावर मी माझ्या परीने विचार केला तो आपल्या धर्मातल्या शिकवणीच्या आधाराने. आपल्या जपमाळेत एकशे आठ मणी का, हे लहानपणी आजीने शिकवलं होतं. पाप तीन पायऱ्यांनी होतं: संरंभ म्हणजे ठरवणं, समारंभ म्हणजे साधनं जमवणं, आरंभ म्हणजे प्रत्यक्ष करणं. ते मनाने, वचनाने, कायेने होतं. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केल्यावर बरं झालं म्हणून संमती दिलेलं, म्हणजे कृत, कारित, अनुमोदित. आणि त्यामागे क्रोध, मान, माया, लोभ. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. हा हिशेब घेऊन शनिवारवाड्यात गेलं तर बरंच स्पष्ट दिसतं. गारद्यांनी केलं, ते कृत. राघोबांनी करवलं, ते कारित; चिठ्ठीत ‘ध’ असो की ‘मा’, साधनं जमवणं तर झालंच होतं. हरिपंतांचा दोष यांत कुठेच बसत नाही, त्याला प्रमाद म्हणतात, बेसावधपणा. आणि आनंदीबाई? त्यांनी करवलं याचा पुरावा नाही. मनातून बरं वाटलं असेल का? नवऱ्याची कैद सुटली म्हणून एखादा क्षण वाटलंही असेल. ते अनुमोदन. ते त्यांच्या कर्माच्या खात्यात, कुठल्या न्यायाधीशाच्या किंवा इतिहासकाराच्या हातातलं नाही.

काही जणी म्हणतील, तुमचा अनेकान्तवाद काय सांगतो, अप्पाही बरोबर आणि बाईही बरोबर ना? तसं नाही. अनेकान्त म्हणजे सगळ्यांना खूश करणं नव्हे. कुठल्या बाजूने पाहिलं म्हणजे काय दिसतं, हे त्या बाजूचं नाव घेऊन सांगायचं. लोकांच्या आठवणीच्या बाजूने पाहिलं तर १८२० च्या सुमारास आनंदीबाईंवर संशय होता, हे खरं. कागदाच्या बाजूने पाहिलं तर दोष सिद्ध होत नाही, हेही खरं. पण संशय म्हणजे दोष, असं म्हणणं कुठल्याच बाजूने खरं ठरत नाही. आणि अनुमोदनाचा हिशेब आपल्यालाही लागू आहे. पुराव्याशिवाय एखादीच्या नावाने चवीने बोलत राहणं, त्यात आपलीही संमती असते. तिथी पाहा: भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी आपलं दशलक्षण पर्व. त्रयोदशीला सर्वसाधारणपणे उत्तम आकिंचन्याचा दिवस, ‘माझं काही नाही’ म्हणण्याचा. त्याच तिथीला गादी माझी की तुझी यावरून हे घडलं.

आनंदीबाईंचा शेवट फारसा कुणी सांगत नाही. माहेर त्यांचं कोकणातलं, ओकांचं. राघोबा गेले तेव्हा त्या पुन्हा गरोदर होत्या, चिमाजी वडिलांमागे जन्मला. मुलांसह त्या नाशिकजवळ आनंदवल्लीला पुणे दरबाराच्या देखरेखीखाली राहिल्या आणि १७९४ साली तिथेच वारल्या. मुलगा बाजीराव पेशवा झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांनी ते पाहिलं नाही. गंगाबाई तर १७७७ सालीच गेल्या, सवाई माधवराव तीन वर्षांचे असताना. एका खुनाने दोन्हीकडच्या बायकांना काय मिळालं, ते यावरून कळतं.

आमच्या बैठकीत पुढच्या वेळी सुरतेच्या तहाची कलमं वाचायची असं ठरलं आहे. अप्पा इंग्रजी मजकूर आणणार आहेत, बाई मराठी कागद शोधणार आहेत. मी आणि माझी जाऊ मिळून वाड्यातल्या दासी, बटकी, कुणबिणी यांची नावं आणि पगार पेशवे दप्तराच्या छापील खंडांत कुठे सापडतात का ते बघणार आहोत. सरदेसायांनी १९३० नंतर त्या दप्तराचे पंचेचाळीस खंड काढले, तेव्हा काम पुष्कळ आहे. तोपर्यंत आम्ही एक केलं. वहीत तीन रकाने आखले: त्या काळात लिहिलेलं, नंतर लिहिलेलं, आणि आपल्याला वाटतं ते. ‘ध’चा ‘मा’ दुसऱ्या रकान्यात लिहिला. अप्पांनीच लिहिला, स्वतःच्या हाताने. पहिला रकाना अजून पुष्कळ रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर जुनी मोडी कागदपत्रं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एखाद्या मोडी जाणणाऱ्याला जरूर दाखवा.